2011 ची इनोव्हा 2.5 डिझेल, 2.4 लाख किमी: घेण्याआधी काय बघू?

प्रश्न: गाडी वरून टकाटक आहे, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) बदलल्याचं बिल नाही. इंजिनात नेमकं काय तपासावं?

उत्तर 1: बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेलाच नाही असं धरा. डॅशवरचा टी-बेल्टचा दिवा बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुली (बेल्टला वाट देणारं चाक) हेही नवे घाला, तिथे पैसे वाचवू नका.

उत्तर 2: त्याहून घातक म्हणजे इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तळाचे तांब्याचे वॉशर. ते लीक झाले की जळका वायू ऑइलमध्ये शिरतो, ऑइलचा डांबरासारखा गाळ होतो, संपमधल्या (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) स्ट्रेनरची, म्हणजे ऑइल गाळणारी, जाळी बुजते आणि ऑइल प्रेशर पडून इंजिन जाम होतं. संप खोलून जाळी डोळ्यांनी बघाच. काळा थर दिसला तर चारही वॉशर बदला. इंजेक्टर काढला की जुना वॉशर पुन्हा बसवायचा नाही.

उत्तर 3: कागदपत्रंही बघा. 15 वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. भाव करताना हा खर्च आधी वजा करा. पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा) बुश, म्हणजे रबरी जोडही हलवून बघा.