‘सॉफ्टवेअर हळू नाही, तुम्ही कच्चे’ म्हणणाऱ्याला उत्तर

टिपेची_ढोलकी:
परवाच्या त्या पोस्टमध्ये लिहिलंय की होम स्टुडिओवाले रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हळू चालतं म्हणून रडतात, खरं तर त्यांना बफर (कॉम्प्युटर आवाज किती किती साठवून पुढे सोडतो तो आकडा) कळत नाही, आणि परवडत नसेल तर या धंद्यात पडू नये. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

गेल्या श्रावणात गणपतीची दोन गाणी द्यायची होती. गावाकडनं ढोलकीवाले काका आले, सत्तरीचे, तीन तास एसटीने. ढोलकी चढवली, सूर मिळवला आणि सहज म्हणून ठेका धरला तर अंगावर काटा आला. मी रेकॉर्ड दाबलं आणि स्क्रीन पांढरीफटक. बंद करून परत उघडलं तर सगळे प्लगिन (आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्राम) पहिल्यापासून स्कॅन, मग लायसन्स तपासायला नेट मागितलं आणि नेमकी लाईट गेलेली म्हणून राउटर बंद. वीस मिनिटं गेली, पावसाळी हवेत ढोलकी उतरली. परत चढवून बसले तर हेडफोनमध्ये आवाज मागनं यायला लागला. काका म्हणाले, "बाळा, हात आधी पडतोय आणि आवाज नंतर येतोय, मी कशाला धरून वाजवू?" याला उत्तर काय द्यायचं? तो पहिला ठेका परत मिळाला नाही तो नाहीच.

बफर१२८:
ती पोस्ट माझीच. काकांचं वाईट वाटलं, पण मुद्दा तोच राहतो. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले (४४.१ किलोहर्ट्झ) तर १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये जाताना २३ मिलिसेकंद आणि परत येतानाही तेवढेच. हवेतनं आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे काका स्वतःचीच ढोलकी १५-१६ मीटर लांबनं ऐकत होते. १२८ करा, जाताना ३ च्या आत येतं. हे यायला हवं की नको?

टिपेची_ढोलकी:
१२८ च होता दादा. न विचारता शिकवायला लागलात.

खर्जातला_सा:
१२८ वर माझ्याकडे नुसती कडकड. टास्क मॅनेजर सांगतो प्रोसेसर ३० टक्के, मग ही कडकड कुठनं येते ते एकदा कुणीतरी सांगा.

बफर१२८:
एका ट्रॅकवर लागोपाठ लावलेले प्लगिन एकामागून एकच चालतात, पुढच्याला मागच्याचा निकाल लागतो, त्यामुळे ती साखळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (भागावर) पडते. तो कोअर गुदमरतो, बाकीचे रिकामे, सरासरी ३० दिसते.

खर्जातला_सा:
बरं, हे पटलं. पण ट्रॅकला ‘तानपुरा’ असं देवनागरीत नाव दिलं की चौकोन दिसतात, तेही माझ्याच प्रोसेसरमुळे का?

कोकणी_माणूस:
सरळ रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं आहे, डाउनलोड अगदी छोटं, ६० दिवस वापरून बघा, मग ६० डॉलर. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते आरामात चालतं. आणि एक विचारतो, लोकसंगीत क्लिकवर (हेडफोनमध्ये ठरावीक लयीत वाजणाऱ्या टिकटिकीवर) रेकॉर्ड करायचंच कशाला? काकांचा अर्धा त्रास क्लिकचा असणार.

मिक्सवाली_ताई:
क्लिक नको म्हणणाऱ्यांचं गाणं मग माझ्याकडे मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायला, येतं. कोरस एकीकडे, ढोलकी दुसरीकडे, कीबोर्ड तिसरीकडे, आणि रात्रभर मी एकेक ठोका सरकवत बसते. चांगल्या वादकाला क्लिकची भीती नसते.

कोकणी_माणूस:
हे फार बोललात ताई. भजन ऐकलंय का कधी, टाळ आणि पखवाज चढत जातात ते? लय वाढते म्हणूनच तर माणूस उभा राहतो. लावणीत अदाकारी सुरू झाली की ढोलकी तिच्या पायाकडे बघून वाजते, आकड्याकडे नाही. हे कच्चेपण नव्हे, हीच ती विद्या आहे.

मिक्सवाली_ताई:
मी वारकऱ्याच्या घरातली आहे, मला भजन शिकवू नका. आमचे आजोबा पखवाज वाजवायचे. पण तिथे सगळे एकत्र वाजवतात, एकमेकांकडे बघून. तुमच्याकडे ढोलकी सोमवारी आणि कोरस शुक्रवारी. मग धरायचं कुणाला?

खर्जातला_सा:
७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, सगळे एकत्र बसून वाजवायचे आणि चुकलं तर पहिल्यापासून. तेव्हा कुठे होता क्लिक?

बफर१२८:
तेव्हा तालीम असायची. आज कोण तालमीला येतं? मूळ विषयावर या. ढोलकी दादा, मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, काय लावलं होतं?

टिपेची_ढोलकी:
लिनियर फेज इक्यू (आवाजाचा पोत बदलणारा) आणि लिमिटर (फार मोठा आवाज दाबणारा). आधीच्या गाण्याचाच प्रोजेक्ट कॉपी केला होता.

बफर१२८:
मग बफर कितीही असो. लिनियर फेजला आवाज आधी साठवून घ्यावा लागतो, लिमिटरही पुढचं बघून दाबतो, आणि मास्टरवरचा तो उशीर मॉनिटरला, म्हणजे वादकाच्या हेडफोनला, लागतोच. नाहीतर इंटरफेसवरचं (माइक जोडायच्या डबीवरचं) डायरेक्ट मॉनिटर वापरायचं, त्यात आवाज सॉफ्टवेअरमधनं न जाता थेट कानात येतो.

मिक्सवाली_ताई:
डायरेक्टवर गाणाऱ्याला कोरडा आवाज येतो, रिव्हर्बशिवाय (आवाजाच्या घुमाऱ्याशिवाय) निम्म्या मुली गात नाहीत. तो सगळ्यांवरचा उपाय नव्हे.

टिपेची_ढोलकी:
काल रात्री दोन्ही बंद करून बघितलं. उशीर गेला. तेवढं तुमचं बरोबर, मानलं. पण माझं एक ऐका. रेकॉर्डचं बटण दाबताना सॉफ्टवेअरला ठाऊक असतं की एवढा उशीर साठलाय, मग माझ्यासमोर एक ओळ का येत नाही? आकडा आहे, पण तीन मेनू आत दडवलेला. आणि नेट नसलं की विकत घेतलेली वस्तू उघडत नाही, त्याला कुठला बफर?

बफर१२८:
लायसन्सचं मान्य. कच्चे हा शब्द मागे घेतो, धंद्यात पडू नये हेही. आकडा शोधायचा कंटाळा मात्र तुमचा.

टिपेची_ढोलकी:
असू दे. काकांना सकाळी फोन केला, नवरात्राच्या आधी एक दिवस देतो म्हणाले. रेकॉर्डिंगला कोरा प्रोजेक्ट, मास्टर रिकामा, लॅपटॉप आदल्या रात्रीच चालू करून ठेवणार.

मिक्सवाली_ताई:
आणि क्लिक लावा.

कोकणी_माणूस:
लावू नका.