जुनी मियाटा घेतलीय: ओरिजिनल ठेवू की पार्ट बदलू?

मिशिगनचा_बाळ्या
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

तर झालं असं की मागच्या महिन्यात १९९० ची माझदा मियाटा घेतली, म्हणजे कापडी छताची दोन सीटची स्पोर्ट्स कार. लाल, १.६ लिटर, मॅन्युअल गिअर. आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात त्यांची, पहिल्यापासून एकच मालक, ७८ हजार मैल आणि सगळं कंपनीचं, अगदी रेडिओसुद्धा. सोबत फाईल दिली त्यात तेल बदलल्याच्या पावत्यासुद्धा आहेत. चावी देताना म्हणाले, काय वाट्टेल ते कर पण चाकं तेवढी बदलू नकोस. का ते काही सांगितलं नाही.

आता गोची अशी की गाडी चालवायला मजा येते पण शॉकअप गेलेत, खड्ड्यात गेली की नंतर दोनदा डुलते. टायर २०११ चे, नक्षी मस्त शिल्लक पण रबर लाकडासारखं. ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंगसकट शॉकअप) टाक, १५ इंची चाकं टाक, नार्डी कंपनीचं शौकीन स्टिअरिंग टाक आणि पुढच्या वर्षी टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा). दुसरा म्हणतो की एवढी कोरी गाडी आता मिळत नाही, हात लावलास तर पाप लागेल. बायको म्हणते आधी गॅरेजचं दार दुरुस्त कर. बजेट ४ हजार डॉलर. हिवाळ्यात चालवणार नाहीये. काय करू?

तेलकट_हात
सर्वप्रथम अभिनंदन. आता शॉकअप, टर्बो सगळं बाजूला ठेव आणि बॅटरी घेऊन समोरून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीकडे बघ. बॅटरी म्हणजे टॉर्च रे. पुलीच्या मधल्या भागात खाचा दिसतील त्या मोज. ४ असतील तर शॉर्ट नोज, म्हणजे पुढचं टोक आखूड असलेला क्रँक, ८ असतील तर नंतरचा सुधारलेला. ९० ची आहे म्हणजे ४च निघणार. घाबरू नको, पण टायमिंग बेल्ट बदलताना कोणी तो पुढचा बोल्ट कसाबसा आवळला असेल तर चावीची (पुली क्रँकवर अडकवणाऱ्या बारीक तुकड्याची) खाच झिजत जाते, पुली डुगडुगायला लागते, टायमिंग हलतं आणि मग सगळं इंजिन खाली. फाईलमध्ये बेल्ट कधी बदलला ते शोध, ६० हजार मैलांना बदलायचा असतो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे या १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, नुसता रस्त्यात बसशील.

दुसरं म्हणजे गंज, आणि तू राहतोस मिशिगनात, जिथे रस्त्यावर मिठाचा सडा असतो. हुडावरचं (कापडी छतावरचं) पाणी सीटबेल्टच्या मागून आत उतरतं आणि दाराखालच्या पट्टीतून बाहेर पडतं. ती वाट पानं आणि मातीने तुंबते. पाणी आत साचतं, पत्रा आतून सडतो आणि बाहेरून रंग एकदम नवरीसारखा. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी मिळते ना, ती वरून घालून बघ खाली निघते का.

आता तुझा प्रश्न. ३५ वर्षांचं कडक झालेलं रबर ओरिजिनल नसतं, शिळं असतं. बुश, होज, शॉकअप, टायर, ब्रेकचं तेल हे सगळं डोळे मिटून बदल, त्याने कोणाचं पाप लागत नाही. वाद त्याच्यापुढच्या गोष्टींचा आहे.

टर्बोपंत
वाद कसला? गाडी चालवायला असते, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. ११६ घोड्यांत आज तुला मिनीव्हॅनसुद्धा ओव्हरटेक करून जाते.

माझी ९३ ची, पण ती माझ्याकडे आली तेव्हाच ठोकलेली आणि दोनदा रंगवलेली होती त्यामुळे मला कसलंच सुतक नव्हतं. ब्रेकपासून सुरुवात कर. ९४ पासूनच्या १.८ च्या गाडीच्या पुढच्या डिस्क २५५ मिमी, तुझ्या २३५, तिचं सामान काढून तुझ्या गाडीला बोल्टने बसतं. टर्बोचं मात्र खरं सांगतो, नुसता टर्बो कधीच येत नाही, वरातीसारखा येतो. टर्बो आला की इंजेक्टर, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मग रेडिएटर, मग क्लच, आणि १.६ चं मागचं डिफ (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) एवढंसं आहे, माझं दुसऱ्याच उन्हाळ्यात सिग्नलवरून निघताना गेलं. चूक माझीच, सगळ्यांनी आधी सांगितलं होतं. ४ हजारात अर्धं काम होईल आणि गाडी दोन वर्षं स्टँडवर. मी तर म्हणेन तुझी तशीच ठेव आणि टर्बोसाठी दुसरी खटारा घे 😄

साडेतीनशे_पुणे
माझ्याकडे गाडी नाही, यामाहाची आरडी ३५० बाईक आहे, ८५ ची हाय टॉर्क (जास्त ताकदीची आवृत्ती), वडिलांची. तरी बोलतो कारण दुखणं सेम आहे.

आमच्याकडे ओरिजिनलवरून मारामाऱ्या होतात पण मुळात ओरिजिनल म्हणजे काय हो? जपानी आरडीला ३९ बीएचपी आणि पुढे डिस्क. ८३ ला राजदूत ३५० म्हणून इथे आली तेव्हा डिस्क काढून ड्रम दिला आणि ताकद ३०.५ वर आणली, नंतरच्या लो टॉर्कला तर २७. आता एवढ्या पळणाऱ्या गाडीला तो ड्रम म्हणजे दोन बोटं दाबून देवाचं नाव घ्यायचं. मी डिस्क लावली आणि मला एका पैशाचा पश्चात्ताप नाही. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक सीडीआय टाकला, त्याचाही नाही.

पश्चात्ताप दुसऱ्याच गोष्टीचा. कॉलेजात असताना हौसेने चेंबर (ताकद वाढवणारे फुगीर सायलेन्सर) लावले, आवाज असा की अख्खं सदाशिव पेठ शिव्या घालायचं. पण कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलले नाहीत. कोणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. चेंबरने हवा जास्त ओढली, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे इंजिन तापलं. खंबाटकी घाटाच्या चढाला डावा पिस्टन जाम झाला, मागचं चाक लॉक, मी क्लच दाबला म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे कंपनीचे दोन्ही सायलेन्सर तोवर भंगारवाल्याला दीडशे रुपयाला देऊन बसलो होतो. आज तसलीच जोडी शोधतोय, गंजकी मिळते तिचाही भाव ऐकून घरी सांगायची हिंमत होत नाही.

तेव्हा बाळ्या, काढलेला प्रत्येक पार्ट जपून ठेव. पिशवीत घाल, वर तारीख लिही, माळ्यावर टाक. तुमच्याकडे माळा नसेल तर बेसमेंट.

घाट_उतरते
मी अकरा वर्षं ९१ ची चालवतेय, कॅलिफोर्नियात. आजोबांना चाकांचं का वाटत होतं ते मला माहितीये असं वाटतं. ती १४ इंची चाकं उचलून बघ एकदा, फुलासारखी हलकी आहेत. १५ इंची स्वस्तातली घेतलीस तर बहुतेक जड मिळतील, आणि ९६० किलोच्या गाडीला चाकात वाढलेला एकेक किलो स्टिअरिंगमध्ये लगेच कळतो. रुंद टायरने पकड वाढते हे खरं, पण मग गाडी ४० च्या स्पीडला जी गंमत देते ती ७० ला द्यायला लागते आणि पोलीस असतातच.

माझदाने स्वतः २०१८ पासून जपानात या पहिल्या पिढीच्या गाड्या रिस्टोर करून द्यायला सुरुवात केली. त्यांनी मोठी चाकं नाही लावली, उलट ब्रिजस्टोनकडून जुन्या एसएफ-३२५ टायरची १८५/६० १४ इंची आवृत्ती पुन्हा बनवून घेतली. हूड, लाकडी स्टिअरिंग असं सामानही परत काढलं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच तसं वाटलं.

बाकी तीन गोष्टी पटापट. नार्डी लावलंस की एअरबॅग गेली, आपल्याकडच्या गाडीत ड्रायव्हरला एकच असते तीही. डिकीतली बॅटरी साधी टाकू नको, वाफ बाहेर काढायची नळी असलेली सीलबंद घे, नाहीतर डिकीचा पत्रा ॲसिडने खाल्ला जातो. आणि थंडीत हूड उघडताना आधी मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन उघड, मगच खाली कर. मी पहिल्याच वर्षी नाही उघडली, टाळी वाजावी तसा आवाज आला आणि आडवी चीर.

उगाच_एक
धागा चांगलाय पण फोटो कुठेत? फोटो नसेल तर गाडी नाही असं धरतो.

मिशिगनचा_बाळ्या
सगळ्यांचे आभार. फोटो रविवारी टाकतो.

खाचा ४ निघाल्या. बेल्टची पावती सापडली, ६१ हजारला बदललाय, बोल्ट मेकॅनिककडून तपासून घेतो. पुली डुगडुगत नाहीये, खडूने रेघ मारून इंजिन चालू करून बघितलं.

नायलॉनच्या दोरीचं मात्र काय सांगू. उजव्या बाजूने सर्रकन खाली आली. डावीकडे वीतभर गेली आणि अडली. ढोसत बसलो तर अर्ध्या तासाने चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ पडला, त्यात मॅपलची पानं आणि मग पाणी. कोरड्या आठवड्यात पाणी, म्हणजे बघा. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर आवाज टणटण न येता भद येतोय. वेल्डरने अजून उघडलं नाहीये पण एका बाजूचा आकडा ऐकूनच टर्बोचा विषय संपला. उरलेल्यात साधे चांगले शॉकअप, बुश आणि १४ इंचीच टायर.

आजोबांना सांगायला गेलो होतो. गाळाचं ऐकून हसले, म्हणाले डाव्या बाजूला आमचं झाड होतं, गाडी कायम त्याखाली उभी असायची. चाकांचं कारण विचारलं तर म्हणाले, धुवायला सोपी पडतात.

@तेलकट_हात, पत्रा कापताना हूड काढून ठेवावा लागतो का, की नुसता मागे दुमडून चालतं?