आयसीयूतून बाहेर आलेले बाबा पुढे किती सावरतील, हे सांगता येतं का?

रातराणी
बाबा ६८ वर्षांचे. न्यूमोनियाचं सेप्सिस झालं, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीरातले अवयवच बिघडायला लागले, आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ आयसीयूत होते, त्यातला बराचसा व्हेंटिलेटरवर. आता वॉर्डात आणलंय. भरती केलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, अपॅची स्कोअर, म्हणजे आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, २६ आहे. मी तक्ता शोधून पाहिला आणि हादरले. बाबा त्यातून वाचले. मग आता तो २६ पुढच्या वर्षाबद्दल काही सांगतो का? हातात चमचा धरवत नाही. संध्याकाळ झाली की वातात बोलल्यासारखं बोलतात, आईला ओळखत नाहीत. आजाराआधी सगळं स्वतःचं स्वतः करायचे, दोन जिने चढायचे. आई रोज विचारते, "हे पूर्वीसारखे होतील ना गं?" काय सांगू तिला?

पाऊलवाट
ताई, मी आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. तो २६ आता मनातून काढून टाका. अपॅची-२ ही १९८५ सालची पद्धत. पहिल्या २४ तासांतली १२ मोजमापं, तीही सगळ्यात वाईट असतील ती, शिवाय वय आणि जुने आजार, यांवरून पेशंट हॉस्पिटलात दगावण्याची शक्यता काढतात. तीसुद्धा गटाची, एकट्या माणसाची नाही. घरी गेल्यावर बाबा स्वतः अंघोळ करतील का, हे तिला कधी विचारलेलंच नव्हतं.

ते ज्यावरून कळतं, त्यातलं बरंचसं तुम्हीच लिहिलंय. दोन जिने! आजारी पडण्याआधी माणूस किती धडधाकट होता, याला फार किंमत आहे. डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्ही आपणहून सांगा.

वय आणि मुक्काम मात्र बाबांच्या बाजूने नाहीत, हे लपवत नाही. कॅनडात आठवडाभर किंवा जास्त व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. पासष्टी ओलांडलेले आणि आयसीयूत दोन आठवड्यांहून जास्त राहिलेले लोक त्यात सगळ्यात मागे पडले, मृत्यूही त्यांच्यातच जास्त झाले. पण आणखी एक गोष्ट दिसली. आयसीयूतून बाहेर पडल्यावर सातव्या दिवशी माणूस स्वतःचं किती करू शकतो, यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज येत होता. म्हणून मी आईंना 'पूर्वीसारखे होतील' असंही सांगणार नाही आणि 'आता काही खरं नाही' असंही नाही. या आठवड्यात काय काय जमतंय, ते बघू या.

चमचा धरवत नाही, त्याचं मोजमाप करता येतं. हातापायांच्या १२ स्नायूगटांना प्रत्येकी ५ पैकी गुण देतात, एकूण ६०. ४८ च्या खाली असेल तर आयसीयूतली अशक्तता धरतात. हे गुण फिजिओकडून लिहून घ्या, पंधरवड्याने पुन्हा मोजायला सांगा.

वातात बोलणं म्हणजे डिलिरियम. तो जितके दिवस राहतो, तितकी पुढे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती मंदावण्याची भीती जास्त, हे २०१३ च्या ८२१ पेशंटांच्या अभ्यासात दिसलं. चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर लगेच आणून द्या, दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री झोप मोडू देऊ नका. आणि हे रोज होतंय, ते डॉक्टरांच्या कानावर घालाच, औषधांचा किंवा नव्या इन्फेक्शनचा संबंध आहे का ते त्यांना तपासता येईल.

जुना_पेशंट
मी एआरडीएसमधून, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होतात त्या आजारातून, वाचलोय, तेव्हा चाळिशीत होतो. फुप्फुसं लवकर सावरली, मांड्यांनी मात्र दम काढला. कामावर परतलो ते वर्ष उलटून गेल्यावर, आणि तेही आधी अर्धवेळ. बायकोने मी बेशुद्ध असतानाचं रोजचं वहीत लिहून ठेवलं होतं. डोक्यात जी भयंकर दृश्यं घर करून बसली होती, त्यातलं खरं काय, हे मला त्या वहीमुळे कळलं. तुम्हीही लिहा, आत्तापासून लिहिलंत तरी चालेल.

रातराणी
दोघांचे मनापासून आभार. चष्मा घरीच राहिला होता, दादा आत्ता घेऊन येतोय. स्नायूंचे गुण उद्या विचारते. पाऊलवाटताई, घास गिळताना ठसका लागतो, तोही यातलाच का?

पाऊलवाट
असू शकतो, व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस घशात राहिली की होतं असं. पण थांबू नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं की नाही, हे आत्ताच ड्यूटीवरच्या सिस्टरना विचारा.