लंगडणाऱ्या घोड्याला इंजेक्शन देऊन शर्यतीत पळवावे का?

प्रश्न: माळेगावच्या खंडोबा यात्रेत घेतलेला आमचा घोडा पुढच्या पायाने किंचित लंगडतो आहे, आणि वेदनाशामक इंजेक्शन देऊन त्याला शर्यतीत उतरवावे, असे जाणती मंडळी सांगत आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर: कृपया असे करू नका. फेनिलब्युटाझोनसारखे औषध वेदना आणि सूज कमी करते, पण मूळ इजा तशीच राहते. वेदना जाणवत नसल्याने घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकून धावतो, आणि हाडाला बारीक तडा असेल तर ते धावतानाच मोडू शकते.

उत्तर: सहमत आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमी जनावराला कामास जुंपणे हा गुन्हाही आहे. आधी पशुवैद्यकाकडून खूर तपासून घ्या. नालेचा खिळा आतल्या जिवंत भागात गेला असला, तरी घोडा लंगडतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शर्यत रद्द करून उद्याच दवाखान्यात नेतो.