जॉय लॅडिन यांच्या कवितेतून त्यांचे आयुष्य वजा करता येईल का?

पानगळ
काल एका वाचकाने लिहिले की, अमेरिकन ज्यू कवयित्री जॉय लॅडिन यांच्याकडे लोक त्या पारलिंगी असल्यामुळे वळतात. चरित्र बाजूला ठेवले, तर कविता सामान्यच आहे. हे विधान मला इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे. त्यांचे ‘द बुक ऑफ ॲना’ हे पुस्तक २००६ साली निघाले, तेव्हा लॅडिन जगासाठी पुरुष होत्या आणि मुखपृष्ठावर जुने नाव होते. नाझी छळछावणीतून वाचून प्रागमध्ये राहणारी ॲना ही काल्पनिक स्त्री त्या पुस्तकात रोजनिशी आणि कविता लिहिते. तेव्हाच्या वाचकांसमोर कोणते चरित्र होते? २०२१ साली आजच्या नावाने नवी आवृत्ती निघाली आणि तिला अमेरिकेतील नॅशनल ज्यूइश बुक अवॉर्ड मिळाले.

जुना मास्तर
आपला दाखला आपल्याच विरोधात जातो. पुरस्कार नव्या नावाच्या आवृत्तीला मिळाला आणि मधल्या काळात जाहीर झाले ते चरित्रच. मराठीतही मी वर्षानुवर्षे हेच पाहतो आहे: प्रस्तावनाकार कवीच्या हालअपेष्टांवर दहा पाने लिहितात आणि एकाही ओळीच्या लयीबद्दल बोलत नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्यांनी छावणी भोगलेली नाही, त्यांनी तिथून वाचलेल्या बाईचा आवाज घ्यावाच का?

पानगळ
ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणी बोलते, एकनाथांच्या गौळणींत गौळण बोलते. त्यांना कुणी हा प्रश्न विचारला नाही.

जुना मास्तर
विराणी आणि छळछावणी यांना एका पंगतीत बसवू नका, ही विनंती नव्हे, आक्षेप आहे. विरहिणी हे भक्तीचे रूप आहे. छावणीतून वाचलेली माणसे मात्र २००६ साली हयात होती आणि स्वतःच्या तोंडाने साक्ष देत होती. त्यांच्या शेजारी कल्पित साक्षीदार उभा करणे मला सहन होत नाही.

रानजाई
मास्तर, साक्षीचा हक्क फक्त भोगणाऱ्याचा, असे धरले तर कादंबरी नावाचा प्रकारच बंद करावा लागेल. शिवाय स्वतःच्या देहात स्वतःला परके मानून चार दशके जगलेली व्यक्ती दुसऱ्या स्त्रीच्या आवाजात का लिहिते, हे विचारायला आयुष्य ठाऊक असावेच लागते. इथे पानगळ यांच्याशीही माझे पटत नाही: आयुष्य वजा करून कविता सिद्ध करण्याचा हट्ट कशाला?

दूरदेशी
मी न्यू जर्सीत राहतो. लॅडिन न्यू यॉर्कच्या येशिवा विद्यापीठातील मुलींच्या स्टर्न महाविद्यालयात शिकवत. २००७ साली नोकरी कायम झाल्यावर त्यांनी आपण स्त्री असल्याचे सांगितले, तेव्हा सनातनी ज्यू परंपरेच्या त्या संस्थेने त्यांना पगारी रजेवर पाठवून वर्गापासून दूर ठेवले. वकिलांची मदत घ्यावी लागली आणि २००८ साली त्या स्त्री म्हणून परतल्या. माझ्या भाचीने कार्यालयात हेच सांगितले, तेव्हा तिची बदली अशा विभागात झाली, जिथे कुणाशी बोलावेच लागू नये. ती दीड वर्ष जेवणाचा डबा एकटीच खात होती. ज्यांना हे चरित्र ‘जाहिरात’ वाटते, त्यांनी तिच्यासमोर बसून तसे म्हणावे.

जुना मास्तर
जाहिरात हा शब्द माझा नाही आणि तो माझ्या तोंडी घालू नये. आपल्या भाचीवर अन्याय झाला, हे मी निःसंशय मानतो. परंतु अन्यायाने ओळ चांगली होत नाही. आणि लॅडिन यांच्या पत्नीचे, तीन मुलांचे काय? त्यांच्या दुःखाबद्दल इथे कुणीच बोलत नाही.

रानजाई
लॅडिन स्वतः बोलल्या आहेत. २०१२ सालच्या ‘थ्रू द डोअर ऑफ लाइफ’ या आत्मकथनात पत्नीचा संताप आणि मुलांचे तुटणे त्यांनी लिहिले आहे. ते न वाचता त्या कुटुंबाची वकिली करू नका!

पानगळ
मास्तर, ओळींबद्दलच बोलू. २०२२ सालच्या ‘शेखिना स्पीक्स’ या संग्रहात शेखिना, म्हणजे ज्यू परंपरेतील ईश्वराचे स्त्रीरूप, बोलते आणि त्याची भाषा बायबलमधील यशया संदेष्ट्याचे वचन व ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकातील शब्द यांतून विणलेली आहे. विठाबाई माउली म्हणणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये. देवाने बायकांच्या मासिकाच्या भाषेत जवळ येऊन बोलावे, ही कल्पना कवीचे नाव झाकूनही उभी राहते.

जुना मास्तर
या एका संग्रहापुरते मी नाइलाजाने मान्य करतो, कारण तिथे रचनेची शिस्त दिसते. ॲनाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे.

रानजाई
तो आक्षेप ॲनाच्या रोजनिशीतले एखादे पान समोर ठेवून मांडा. कविता न उघडता कवीवर निकाल देणे ही तक्रार तुम्हीच प्रस्तावनाकारांविरुद्ध केली होती.