नवशिक्यांचं व्हेगन पुस्तक काजूच्या चीजपासूनच का सुरू होतं?

खलबत्ता
भाची गेल्या मार्चपासून व्हेगन झाली, म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, दूध-तूपही नाही. पुण्यात तिघी मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. स्वयंपाकाचा अनुभव म्हणजे चहा आणि नूडल्स. तिनं नवशिक्यांसाठीचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं, गुळगुळीत कागदाचं. परवा तिच्याकडे गेले तर ओट्यावर न्यूट्रिशनल यीस्टची, म्हणजे चीजसारखी चव देणाऱ्या यीस्टच्या पुडीची बरणी, दोन चमचे वापरलेली, बाकीचं दमट होऊन खडा झालेलं. अर्धा किलो काजू चीजमध्ये गेले आणि ते चीज तिच्याच शब्दांत "मलम चाटल्यासारखं" लागलं. आणि त्याच फ्रीजमध्ये डबेवाल्या मावशींची मटकीची उसळ आणि दोन भाकऱ्या! "अगं, हे व्हेगनच आहे की," म्हटलं तर बघतच राहिली. पुस्तकात मटकी नव्हती ना.

माझं म्हणणं एवढंच. व्हेगन हा शब्दच १९४४ सालचा, इंग्लंडातला. डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट जोडून तो केला. त्यांच्या स्वयंपाकाचा पाया लोणी, दूध, चीज. तेच काढून घेतलं तर ताटात उकडलेला बटाटा उरतो, म्हणून त्यांची पुस्तकं नकली लोण्या-चीजपासून सुरू होतात ते ठीक आहे. आपण ती नक्कल कशाला करायची? आपला पाया तेल, दाण्याचं कूट, खोबरं, तीळ. पिठलं, झुणका, भरली वांगी, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, कारळ्याची चटणी, कांदेपोहे, थालीपीठ. यातून काढायचं काय? दूध आपल्याकडे चारच दारांनी आत येतं: चहा, दही-ताक, तूप आणि गोडधोड.

भाचीसाठी वही लिहायला घेतलीय. पहिली पंधरा पानं नेहमीचाच स्वयंपाक, पर्यायी पदार्थ एकदम शेवटी. नवशिक्यानं आधी जे आहे ते ओळखावं, मग नवं शिकावं. चुकतंय का काही?

आलं_घातलेला
चुकतंय. तुमची वही पंधराव्या पानावर पोचेपर्यंत भाची चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता दुधाची पिशवी आणेल. मी तीन वेळा व्हेगन झालो आणि तिन्ही वेळा चहापाशी आपटलो. उसळ कुणाला सोडायचीय? माणूस अडतो तो चहाला.

तेव्हा पहिल्या पानावर चहा हवा, आणि नीट समजावून हवा. सोयाचं दूध चहात टाकून उकळलं की फाटतं, वर दह्यासारख्या चिंध्या तरंगतात. चहाचा आंबटपणा आणि उष्णता, दोन्ही त्याला सोसत नाही. कोरा चहा आलं घालून पूर्ण उकळून घ्या, गाळा, मिनिटभर थांबा. सोयादूध वेगळं कोमट करा आणि चहा त्या दुधात ओता, दूध चहात नव्हे. ओट्सचं दूध फाटत नाही, पण उकळलं तर त्यातल्या पिठूळपणामुळे कांजीसारखं होतं. बदामाच्या दुधाचा चहा म्हणजे कोमट पश्चात्ताप. हे मला कुणी पहिल्या पानावर सांगितलं असतं तर तिसऱ्यांदा व्हेगन व्हावं लागलं नसतं.

खलबत्ता
"चहा त्या दुधात ओता" हे वहीत जाणार. पण पहिल्या पानावर नाही.

तीन_दगडांची_चूल
धागा वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. ताई, तुम्ही ज्याला "आपला पाया" म्हणताय, त्याला आमच्या घरी "दूध परवडत नाही" म्हणायचे. चहा कोरा, गुळाचा. कालवण दाण्याच्या कुटाचं. तूप दिवाळीला, तेही बोट बुडवण्यापुरतं. घरात शेळी होती, तिचं दूध धाकट्याला. आणि त्याच ताटात मिळेल तेव्हा सुकट असायची, ती तुमच्या यादीतून बरोब्बर गळाली.

आईनं उभ्या आयुष्यात ठेचा-भाकरी खाल्ली, ती व्हेगन नव्हती, ती गरीब होती. आज तिच्या हातात चार पैसे आहेत तर ती रात्री कपभर दूध पिते आणि मला ते बघायला आवडतं. पुस्तक खुशाल लिहा, पण "आमची आजी व्हेगनच होती" असं प्रस्तावनेत लिहू नका एवढी विनंती.

खलबत्ता
मान्य. असंच एक वाक्य लिहिलं होतं, आत्ताच खोडलं. सुकट मुद्दाम गाळली नाही, व्हेगन म्हटल्यावर मासळी आपोआप मागे पडली. पण हे ताट कुणाचं होतं आणि का होतं हे मी विसरले, हे खरं.

तरी मूळ मुद्दा त्यानं पडत नाही. कारण काहीही असो, बिनदुधाचं चविष्ट रांधायची अक्कल त्या चुलीपाशी होती. नवशिक्यानं ती शिकावी की काजू वाटत बसावं?

साडेतीन_फॅट
मी संगमनेर तालुक्यातला दूध उत्पादक. अकरा गायी, सगळ्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या. इथं कोणी विचारणार नाही म्हणून मीच बोलतो.

तुमच्यासारखी माणसं दूध सोडतील म्हणून मला भीती नाही. दूध सोडणारे पुण्या-मुंबईत मूठभर. माझी भीती संकलन केंद्रावरच्या मशीनची आहे. फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ टक्के लागलं तर भाव, पॉइंट खाली आला की कपात. २०२३ च्या शेवटी गायीच्या दुधाला लिटरमागं पंचवीस-सत्तावीस रुपये मिळत होते, सरकारला ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. पेंडीचं पोतं कुठं गेलंय बघा. तेव्हा "दूध म्हणजे क्रूरता" असं पहिल्या पानावर छापणार असाल तर आधी आमच्या गोठ्यात या.

गोऱ्ह्याचं काय करता, हे विचारलंत तरी चालेल. एचएफचा गोऱ्हा औताला चालत नाही, वशिंडच नसतं, ऊन सोसत नाही. २०१५ च्या कायद्यानंतर बैल-वळू कत्तलीला देता येत नाही. मग तो जातो कुठं? याचं उत्तर गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी देत नाही. मीही इथं देत नाही.

आलं_घातलेला
दादा, तुम्ही शेवटच्या चार ओळींत जे लिहिलंत ते वाचून माणूस चौथ्यांदा व्हेगन होईल.

साडेतीन_फॅट
व्हा की. पण मग शेंगदाणा आणि हरभरा तरी हमीभावानं घ्या.

लेबल_वाचते
विषय पाककृतींचा आहे म्हणून कामाचं बोलते. माझ्या मुलाला दुधाची अॅलर्जी आहे. न पचणं वेगळं, अॅलर्जी वेगळी. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्याला साजूक तूप बहुधा चालतं, कारण त्यात लॅक्टोज जवळजवळ उरत नाही. अॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, केसिन आणि व्हे यांची, आणि तुपात त्यांचा अंश राहू शकतो. आमच्या घरी तूपही बंद.

तर खलबत्ताताई, तुमची "चारच दारं" हे वाक्य धोकादायक आहे. पाचवं दार पाकिटाचं. ब्रेड, बिस्किटं, खारी, सुपाची पावडर. एका "नॉन-डेअरी" लिहिलेल्या क्रीमरच्या घटकांत सोडियम केसिनेट होतं. नाव नॉन-डेअरी, आत दुधाचंच प्रथिन! हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्यात दूध धरलेलंच असतं. २०२२ च्या नियमांनंतर व्हेगनचं वेगळं चिन्ह आलंय, हिरवा व्ही आणि पान, पण ते असलं तरी त्याच यंत्रावर आधी दुधाचा माल गेला नव्हता असं नाही. अॅलर्जीवाल्यानं "दुधाचा अंश असू शकतो" ही बारीक ओळ शोधायचीच.

आणि उलट बाजूनं: दुग्धविरहित म्हणजे व्हेगन नव्हे. आमच्याकडे अंडी रोज असतात. ही दोन पुस्तकं एका मुखपृष्ठाखाली घालू नका.

खलबत्ता
हे मला खरंच माहीत नव्हतं. पाचवं दार लिहिलं.

हडसनकाठ
न्यू जर्सीहून. तुमचा "आहे ते ओळखा" हा मंत्र तिथे चालतो कारण कोपऱ्यावर मोड आलेली मटकी मिळते. इथे वालाचं बिरडं म्हणजे शनिवारची अर्धी मोहीम, उलट ओट्सचं दूध खालच्या दुकानात. माझी मुलं शाळेत पिझ्झा बघतात आणि त्यांना पिझ्झाच हवा असतो, झुणका दाखवून भागत नाही. दुधाची तहान ताकावर भागवतात हे ऐकलं होतं, इथे ताकही बाद! मग नकली चीज लागतंच, आणि त्यात लाज कसली?

बाकी पुस्तकांबद्दल एक बारीक तक्रार. अमेरिकन कप २४० मिलीचा, आपली आमटीची वाटी दीडशेच्या आसपास. इंग्रजी पुस्तकातून मराठीत उतरवणारे 'कप'ची सरळ 'वाटी' करतात. पीठ, पाणी सगळंच वाटीनं घेतलं तर प्रमाण निदान टिकतं, पण चमचा आणि ओव्हन तेच राहतात. बेकिंग पावडर दीडपट पडते, केक फुगून बसतो आणि नवशिक्याला वाटतं अंडं नव्हतं म्हणून बसला.

बी_कॉम्प्लेक्स
इतके प्रतिसाद झाले आणि बी-१२ जीवनसत्त्वाचा एकही उल्लेख नाही. वनस्पतींतून ते भरवशाचं मिळत नाही. पूर्ण व्हेगन माणसानं गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यायचेच, त्यात वाद नाही.

नाचणीचं कौतुक येण्याआधी तेही सांगून टाकतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, गायीच्या १०० मिली दुधात साधारण १२०. आकडा जबरदस्त, पण भाकरीला पीठ लागतं पन्नास-साठ ग्रॅम आणि त्यातल्या फायटेट नावाच्या, कॅल्शियम अडवणाऱ्या घटकामुळे सगळं अंगी लागत नाही. नाचणी खा, तीळ खा, पण एका भाकरीवर हिशोब मिटला असं समजू नका. आणि २५० मिली गायीच्या दुधात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, सोयादुधात जवळपास तेवढीच, बाजारच्या बदामदुधात जेमतेम एखादा ग्रॅम. "एक पांढरं काढा, दुसरं पांढरं घाला" हे चहात चालतं, वाढत्या मुलाच्या ग्लासात नाही.

मणगणें_प्रेमी
सगळे भांडून दमले असतील तर गोडाकडे वळू. गोव्यात मणगणें करतात, त्यात दुधाचा थेंब नसतो आणि कुणाला त्याची आठवणही येत नाही. चण्याची डाळ बोटचेपी शिजवायची, गाळ होऊ द्यायची नाही. भिजवलेला साबुदाणा घालून नारळाच्या पातळ दुधात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मग गूळ आणि काजूचे तुकडे. जाड दूध सगळ्यात शेवटी, आच अगदी मंद, आणि घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर फुटतं. वेलची, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका.

कोकणात पुरणपोळी नारळाच्या दुधाशी खातात, मालवणी शिरवाळेही त्याच गोड दुधात बुडवून. खलबत्ताताईंचं पहिलं पान मला पटतं, फक्त ते देशावरचं वाटतंय. समुद्राकडे जरा बघा की.

आलं_घातलेला
मणगणें सुंदरच. पण बेसनाचा लाडू? त्याचं काय करणार? तिथं तरी पर्याय लागेल की नाही?

खलबत्ता
लागेल. इथे मी माझीच फजिती सांगते. गेल्या दिवाळीत भाचीसाठी बेसनाचे लाडू शेंगदाण्याच्या तेलात केले. बेसन खमंग भाजलं गेलं, वासही बरा, वळलेही. तासाभरात ताटात सगळे बसले, एकेक चपटा, जणू कुणी अंगठ्यानं दाबलेत. तूप थंड झालं की थिजतं, लाडू त्यावर उभा राहतो. तेल थिजतच नाही. मग दुसरा घाणा बिनवासाच्या खोबरेल तेलाचा, आपलं खायचं खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत लाडू खडे राहिले. हेच मे महिन्यात केलं असतं तर वाटीतून चमच्यानं खावं लागलं असतं. चव? तुपाची नाही. खोटं कशाला बोलू.

म्हणजे पर्यायांची गरज नाही असं मी म्हणत नाही. पर्याय कुठे तग धरतो आणि कुठे बसतो हे कळायला आधी हात बसलेला लागतो. लाडू का बसला हे मला कळलं ते तीस वर्षं तुपाचे लाडू वळल्यावर. भाचीला पहिल्याच आठवड्यात काजूचं चीज फसलं तर ती स्वतःला दोष देते आणि नूडल्सकडे वळते. पिठलं फसलं तरी पातळ पिठलं म्हणून खाता येतं.

आलं_घातलेला
पिठल्याचा मुद्दा मान्य. चहाचा मुद्दा सोडत नाही.

लेबल_वाचते
दह्याचं काय ठरलं? शेंगदाण्याच्या दह्याबद्दल ऐकलंय. शेंगदाणा आम्हाला चालतो, पण ज्यांना त्याचीही अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी वर सूचना टाका.

खलबत्ता
सूचना टाकते. दही दोनदा केलंय. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, सालं चोळून काढून, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळायचे. ते दूध सतत ढवळत उकळायचं. बुडाला फार लवकर लागतं, माझं पहिल्यांदा लागलं. कोमट झालं की हिरव्या मिरच्यांची आठ-दहा देठं धुऊन त्यात सोडायची आणि झाकून उबेला ठेवायचं. आठ-दहा तासांत लागतं. पहिलं विरजण पातळ असतं आणि कच्च्या दाण्याचा वास येतो, ते खाऊ नका, त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावा.

साडेतीन_फॅट
देठानं लागतं? आमच्याकडं विरजण संपलं की म्हातारी हेच करायची, म्हशीच्या दुधात.

खलबत्ता
मिरची सबंध टाकायची की नुसती देठं?

साडेतीन_फॅट
देठासकट सबंध. आईला विचारून उद्या नक्की सांगतो.