सोसायटीच्या गणपतीत बेस वाजवायचा आहे: मोठा अ‍ॅम्प घ्यावा की थेट मिक्सरला जोडावं?

खर्ज_कोथरूड

सहा जणांचा हौशी बँड आहे: एक गायिका, एक गायक, कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड आणि बेस. गणपतीत कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दोन तासांचा कार्यक्रम ठरलाय. भावगीतं, दोन-तीन नाट्यगीतं, बाकी जुनी हिंदी. श्रोते दीडशेच्या आसपास. साऊंडवाल्याकडे १२ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर), एक सब (खर्जाचा स्पीकर) आणि बारा चॅनलचा मिक्सर.

बेस चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला), जाझ बेसच्या धर्तीचा, म्हणजे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारी चुंबकी वेटोळी). तारांची जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग). घरी १५ वॉटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प आहे, तो हॉलला पुरणार नाही. मोठा अ‍ॅम्प घ्यावा का? थेट मिक्सरला जोडलं तर आवाज बोदा येतो आणि मागे गुणगुणाट राहतो. शिवाय पावसाळा लागल्यापासून पहिल्या चार-पाच फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा खरखरतात. आणि रात्री फ्लॅटमध्ये सराव करायचा तर शेजाऱ्यांना त्रास न देता कसा करावा?

तापकीरगल्ली_सोल्डर

अ‍ॅम्पवर आत्ता पैसे घालू नका. दीडशे लोकांच्या हॉलमध्ये बेस लोकांपर्यंत पोचवणं हे टॉप आणि सबचं काम आहे. स्टेजवर २०० वॉटचा अ‍ॅम्प लावला की तो गायकांच्या आणि तबल्याच्या माइकमध्ये शिरतो, मग साऊंडवाल्याने फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली घेतला तरी बेस कमी होत नाही. तुम्हाला हवा आहे डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला साजेसा करून देणारी छोटी पेटी, आणि बेस पॅसिव्ह असल्यामुळे अ‍ॅक्टिव्ह डीआय.

बोदेपणाचं कारण सरळ आहे. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) साधारण १० ते २० किलोओहम असतो. पॅसिव्ह पिकअपला तो फार जड पडतो, आवाज दबतो आणि वरची धार निघून जाते. पॅसिव्ह डीआय १४० किलोओहमच्या आसपास असतो, त्यावर काम भागतं पण थोडी धार जातेच. अ‍ॅक्टिव्ह डीआय १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो किंवा मिक्सरकडून माइकच्या केबलमधूनच येणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम, घेतो. बऱ्याच छोट्या मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या माइक चॅनलना मिळून एकच असतं, त्यामुळे साऊंडवाल्याला आधी विचारा आणि फेडर खाली असतानाच ते चालू करायला सांगा. नवी बॅटरी खिशात ठेवाच.

जोडणी अशी. बेस ते डीआय तीन मीटरची गिटार कॉर्ड. डीआय ते मिक्सर माइकची तीन पिनांची एक्सएलआर. अंतर वाढवायचं तर एक्सएलआर वाढवा. गिटार कॉर्डची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर दहा मीटरमध्ये पॅसिव्ह बेसची धार कानाला कळण्याइतकी जाते. डीआयवर थ्रू किंवा लिंक लिहिलेला जो आउटपुट असतो तो तुमच्या १५ वॉटच्या अ‍ॅम्पला द्या. अ‍ॅम्प खुर्चीवर, थोडा मागे कलता, तोंड तुमच्या कानाकडे. लोकांना ऐकवायला तो अपुरा आहे, तुम्हाला स्वतःला ऐकायला पुरेसा आहे.

आता गुणगुणाट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५० आणि १०० हर्ट्झवर येतो. कुठून येतो ते या क्रमाने शोधा:

कॉर्ड बेसमध्येच ठेवून बेसचे दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज तसाच राहिला तर दोष बेसच्या पुढे आहे, म्हणजे कॉर्ड, अ‍ॅम्प किंवा अर्थिंग. आवाज गेला तर तो पिकअपमधून येतोय. मग दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा. जाझ बेसच्या दोन पिकअपची वेटोळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही सारखे उघडे असताना गुणगुणाट एकमेकांना खातो. एक जरा कमी केला की परत सुरू. तेव्हा कार्यक्रमात दोन्ही पूर्ण ठेवा आणि टोनच्या बटणाने रंग बदला.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ब्रिजची (तारा अडकवलेला अंगावरचा धातूचा भाग) ग्राउंड वायर शाबूत आहे, शिल्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं अस्तर) कमी आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायर उलट जोडल्या गेल्यात. शिल्डिंगसाठी तांब्याची चिकटपट्टी वापरा, तिचा गोंद वीज वाहणारा आहे ना हे विचारून घ्या. नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब द्यावा लागतो. पिकअप आणि बटणांच्या खोबणीच्या आतून पूर्ण लावा, एक टोक ग्राउंडला जोडा आणि मल्टिमीटरने पट्टीच्या दोन टोकांत सलगपणा तपासा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात पट्टी, ६०-४० सोल्डर, ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न हे सगळं एका फेरीत मिळतं. २५ वॉटच्या आयर्नने पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) पाठीवर सोल्डर नीट वितळत नाही, सांधा थंड राहतो आणि दोन महिन्यांनी सुटतो.

गणपतीत आणखी एक: मखराच्या दिव्यांच्या माळा आणि डिमर. त्यांचा आवाज गुणगुण नसून बारीक चरचर असतो. बेसचं आणि त्यांचं सॉकेट वेगळं मागा आणि मखरापासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा.

अर्थिंग_आधी

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो कारण ती जिवाशी संबंधित आहे. अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्यावर असेल तर डीआय जोडताच ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांचं वेटोळं) होऊन गुणगुण वाढू शकते. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. पण अ‍ॅम्पच्या प्लगची जाडी पिन काढू नका, दोन पिनांचा अडॅप्टरही लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. बेसच्या तारा ब्रिजमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. एका बाजूचा अर्थ गेला की मधला व्होल्टेज तुमच्या बोटांतून ओठांत जातो.

कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. शून्याच्या आसपास आलं पाहिजे. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी बोर्ड बदलून घ्या, मगच बेस गळ्यात घाला. मंडपातल्या तात्पुरत्या जोडण्यांत हा दोष सर्रास सापडतो. बोर्ड शक्य तर एकच, निदान एकाच सॉकेटवरून आलेले.

सातवा_फ्रेट

खरखरीबद्दल. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. मानेचं लाकूड ओल धरतं आणि वाक बदलतो. कुठल्या दिशेने बदलेल हे त्या त्या लाकडावर अवलंबून, त्यामुळे अंदाजाने ट्रस रॉड (मानेचा वाक बदलणारी आतली सळई) फिरवू नका, आधी मोजा.

बेस नेहमीच्या सुरात लावा. वाजवायच्या स्थितीत धरा, मांडीवर आडवा नको. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. तुमची खरखर पहिल्या पाच फ्रेटांवर आहे म्हणजे बहुधा फट जवळजवळ नाहीच, मान मागे झुकली आहे. ट्रस रॉड सैल करा, म्हणजे घड्याळाच्या उलट, एका वेळी पाव फेरा. परत सुरात लावा, अर्धा दिवस थांबा, परत मोजा. फट जास्त असेल तर उलट, आणि घट्ट करण्याआधी तारा थोड्या उतरवा. चावी इंची आहे की मिलिमीटरची हे पाहून घ्या. किंचित सैल चावीने खाच गोल झाली की दुरुस्ती महागात जाते. रॉड अडला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

मानेचं झाल्यावरच ब्रिजवरची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तार २ ते २.५ मिलिमीटर, बारीक तार १.५ ते २. बरेच जण आधी सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) वर करतात, खरखर जाते, पण वरच्या फ्रेटांवर सूर चढा लागायला लागतो आणि बोटं दमतात. शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर मोकळ्या तारेशी ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर दोष मानेचा नसून पुढचा फ्रेट उचललेला आहे. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची (खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी) खाच खोल गेली आहे.

तारा वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने, खालच्या बाजूनेसुद्धा पुसा. एसी खोलीतून बाहेर पावसात आलात तर बॅग लगेच उघडू नका, थंड लाकडावर आणि पिकअपवर दव धरतं. स्कूटरवर नेताना बॅग पाठीवर, पाय ठेवायच्या जागेत उभी कधीच नको, हँडल वळताना अडकतं. बेस साधारण ११५ सेंटिमीटर लांब, मान डोक्याच्या बरीच वर जाते. गेट आणि झाडाची फांदी दोन्हींचा हिशेब ठेवा. रिक्षात आडवा ठेवाल तर ट्यूनिंगच्या खुंट्यांवर वजन येऊ देऊ नका.

मंद्र_पंचम

सामान झालं, आता मला वाटतं ते जास्त महत्त्वाचं. तुमच्या बँडमध्ये खालची पट्टी चार जण वापरताहेत: बेस, डग्गा, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात. हे तालमीत सोडवलं नाही तर साऊंडवाला काहीच करू शकत नाही.

कीबोर्डवाल्याला सांगा की डाव्या हाताने खर्ज नको, मधल्या सप्तकात कॉर्ड धरायचे. तो तयार स्टाइल लावत असेल तर त्यातला बेसचा भाग म्यूट करायला लावा, नाहीतर दोन बेस वाजतात आणि दोन्ही चुकल्यासारखे वाटतात. त्याच्या बोटांकडे बघून सूर पकडू नका, बरेच जण ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण) दाबून पांढरी एकच्या आकारात वाजवतात. ऑक्टोपॅडवर आखूड, कोरडा किक निवडायला सांगा.

डग्ग्याशी जुळवायचं तर ठेका ऐका. केरवा धा गे ना ती, ना क धि ना. पहिल्या दोन मात्रांवर डग्गा घुमतो, ती-ना-क मध्ये घुमारा नाही, सातव्या धि वर परत येतो. बेसचा सा समेवर द्या, लांब धरा, खालीच्या (पाच ते आठ) मात्रांत हलकं व्हा आणि सातवीवरून समेकडे चाला. प्रत्येक मात्रेवर ठोकत राहिलात तर डग्ग्याची मींड ऐकूच येत नाही, आणि भावगीतात ती मींड हवीच.

नाट्यगीतांत सवयीने सा-प वाजवू नका. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य आहेत, तिथे सा-म. मारव्यातही पंचम नाही. एक चुकीचा पंचम खर्जात लागला की गायकाचा पुढचा आलाप बिघडतो. हार्मोनियम असेल तर ट्यूनर तिच्याप्रमाणे लावा, कारण ती तिथल्या तिथे लावता येत नाही. ४४० चं ४४२ केलं तर साधारण ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतो.

ईक्यूसाठी (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारी बटणं) साऊंडवाल्याला इतकंच सांगा: ४० हर्ट्झच्या खाली काप, हॉल घुमला तर २०० ते ३०० मधून थोडं कमी, सूर कळत नसेल तर ७०० च्या आसपास किंचित वाढव. मोकळी जाड तार ४१ हर्ट्झची असते. साधा सब तो मूळ सूर पूर्ण देत नाही, कान ८२ आणि १२३ वरून तो ओळखतो. म्हणून ४० वाढवून काही मिळत नाही, फक्त खिडक्या वाजतात.

सरावासाठी हेडफोन, तेही वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो, त्यावर ताल धरता येत नाही. अ‍ॅम्प लावायचाच तर जमिनीवरून उचला, खाली जाड फोम, कारण खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल आहे. बेस ती फार लवकर ओलांडतो.

खर्ज_कोथरूड

मनापासून आभार. अ‍ॅक्टिव्ह डीआय घेतोय. एक राहिलं: गायिकेने काळी चार सांगितली आहे, गायकाने दोन गाण्यांना काळी दोन. काळी चार जमते. काळी दोनला खालचा सा सापडत नाही. त्यासाठी पाच तारांचा बेस लागेल का?

मंद्र_पंचम

दोन गाण्यांसाठी नको. काळी चार म्हणजे जी शार्प, जाड तारेचा चौथा फ्रेट. काळी दोन म्हणजे डी शार्प, तो तुमच्या जाड ई तारेच्या अर्धा सूर खाली आहे. वरचा सा ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर आहे, बहुतेक गाण्यांत तोच पुरतो.

खालचाच हवा असेल तर फक्त जाड तार अर्धा सूर उतरवा. सरळ उतरवून थांबू नका. थोडी जास्त खाली नेऊन परत वर चढवत डी शार्पवर आणा, नाहीतर गाण्याच्या मध्ये ती आणखी सरकते. १०५ ची तार इतक्या उतरणीला सैल पडत नाही. मग त्या तारेवरचा प्रत्येक सूर एक फ्रेट पुढे गेलेला असेल: पंचम सातव्या फ्रेटवर, किंवा ए तारेच्या पहिल्यावर. दोन्ही गाणी लागोपाठ ठेवा, म्हणजे एकदाच उतरवायची आणि एकदाच चढवायची. निवेदकाला त्या दोन्ही जागी अर्धा मिनिट जास्त बोलायला सांगून ठेवा.